एमएस : उन्हाळ्यातला प्रत्येक ‘अटॅक’ हा अटॅक नसतो

प्रश्न : पत्नीला (वय 34) तीन वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) आहे. सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली होती. एप्रिल लागला की तोच डोळा धूसर होतो, पाय जड पडतात. दुपारी स्वयंपाक उरकून बाहेर येते ती भिंत धरूनच. संध्याकाळी बरी असते. गेल्या उन्हाळ्यात दोनदा सलाईनमधून स्टेरॉइड दिले. यंदाही द्यावे लागेल का? — एक वाचक, अकोला

उत्तर : ‘संध्याकाळी बरी असते’ या तीन शब्दांत बरेचसे उत्तर आहे. एमएसमध्ये मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण जिथे झिजलेले असते, तिथून संदेश कसाबसा पुढे सरकतो. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो तिथेच अडतो. अंग निवले की पुन्हा जाऊ लागतो. नवी इजा काही झालेली नसते. म्हणून तर जुनाच डोळा आणि जुनेच पाय कुरकुर करतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हे टिपले होते. पुढे एमएस ओळखायला रुग्णाला चक्क गरम पाण्यात बसवत असत. ती पद्धत गेली ते बरेच झाले.

एमएसचा खरा अटॅक म्हणजे ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना नवे लक्षण उमटणे किंवा जुने ठळकपणे बळावणे, आणि ते 24 तासांहून जास्त टिकणे. अशा वेळी डॉक्टर रोज 1 ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 3 ते 5 दिवस देतात. त्याने अटॅक लवकर ओसरतो, मूळ आजार थांबत नाही. उन्हाने आलेल्या त्रासावर ते देऊन हाती काही लागत नाही. वर साखर चढते, झोप उडते आणि दडलेला संसर्ग बळावू शकतो.

पुढच्या वेळी आधी तिला थंड खोलीत तासभर पडू द्या. मग थर्मामीटर लावा. त्रास रेंगाळला तर लघवीची तपासणी करा, जळजळ नसली तरीही. एमएसमध्ये मूत्राशयाची जाणीव बोथट होते, त्यामुळे संसर्ग असूनही कळत नाही आणि पाय मात्र लुळे पडतात. अटॅकचे सोंग घेण्यात लघवीच्या संसर्गाचा हात धरणारे दुसरे काही नाही! सारखे जावे लागते म्हणून पाणी तोडणारे बरेच असतात. त्याने लघवी घट्ट होते, संसर्ग वाढतो. लघवी पूर्ण होत नाही असे वाटत असेल, तर लघवी केल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत मोजून घ्या. मात्र अचानक तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, गिळता येईना किंवा धाप लागली, तर तासभरही थांबू नका.

आता स्वयंपाकघर. गॅसची ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद ठेवला जातो, खरी गोम तिथे आहे. कुलरचा झोत ओट्यावर न सोडता पाठीवर येईल असा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कोंदट खोलीत कुलर नुसती वाफ करतो. (रत्नागिरीच्या दमट हवेत तो फारसा कामाचा नाही, तिथे एसीच.) भाजी, कुकर सकाळी सातच्या आत. पोळ्या उंच स्टुलावर बसून, मानेवर ओला पंचा टाकून. कढत पाण्याची अंघोळ बंद. बधिर कातडीवर बर्फ थेट लावू नका, चटका बसला तरी समजत नाही. त्याच कारणाने गरम भांडे हाताने न उचलता सांडशीनेच उचलावे. व्यायाम पहाटे, आधी पेलाभर गार पाणी पिऊन. तासाभरात निवळणारा थकवा आला म्हणून व्यायाम सोडायचा नाही.

प्रश्न : ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी रोज घेतली तर एमएस लवकर आटोक्यात येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. 60,000 युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढते : तहान, बद्धकोष्ठ, ओकाऱ्या, शेवटी मूत्रपिंडाला इजा. याने येणारा थकवा एमएसच्या खात्यावर मांडला जातो, हे आणखी वाईट. रोज घेत असाल तर आजच थांबवून रक्तातले कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते ते) तपासा. एमएसचे नेहमीचे औषध मात्र चालूच राहू द्या.

प्रश्न : भाऊ चालतो-फिरतो. त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. तपासणीला जाताना एमआरआय, प्रत्येक अटॅकचे डिस्चार्ज कार्ड आणि नजरेच्या तपासणीचे कागद न्या. ‘चालता येते’ एवढेच सांगून गप्प बसू नका. किती पावलांनंतर पाय ओढतो, लघवी रोखता येते का, शर्टाचे बटण लावायला किती वेळ लागतो, हेही न विचारता सांगा.