नाटक प्रत्यक्ष पाहणं शक्य नसेल, तर ब्रॉडवे म्युझिकलचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाचा, नुसता अल्बम ऐकून कथा कळते का?

हो, कळते, फक्त सुरुवातीला जवळजवळ सगळं गाण्यातूनच सांगणारं म्युझिकल निवडा. मी बरीच म्युझिकल्स अशी ऐकूनच ओळखली आहेत. 'हॅमिल्टन'चा २०१५चा मूळ कलाकारांचा अल्बम घ्या: ४६ ट्रॅक, त्यात अख्खं नाटक येतं, पहिल्या अंकाच्या शेवटाकडचा एक छोटा प्रसंग तेवढा मुद्दाम बाहेर ठेवलाय. गद्य संवाद भरपूर असलेल्या नाटकांत मात्र दोन गाण्यांच्या मध्ये बरंच घडून जातं आणि अल्बममध्ये ते सहसा नसतं. तिथे आधी कथासार वाचा. पहिल्यांदा ऐकताना शफल बंद ठेवा, गाण्यांचे शब्द समोर असू द्या. पहिल्या अंकातली एखादी धून दुसऱ्या अंकात वेगळ्याच अर्थाने परत येते, कधी दुसऱ्याच पात्राच्या तोंडी. क्रम मोडलात तर हे हातचं जातं, आणि माझ्या मते ऐकण्यातलं खरं सुख तेच आहे. नृत्य आणि नेपथ्य अर्थातच ऐकू येत नाही, त्यामुळे नाचावर उभी असलेली म्युझिकल्स अल्बमवर अर्धीच पोचतात. 'हायलाइट्स' लिहिलेला अल्बम टाळा, त्यात निवडक गाणीच असतात.