वाचकांचे प्रश्न : हीव्हरची गढी, तिची बाग आणि हाताशी असलेला एक दिवस

प्रश्न : जून महिन्यात आम्ही लंडनला मुलीकडे जाणार आहोत. शहराबाहेरचा एखादा जुना किल्ला आणि त्याची बाग पाहण्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. कोणी लीड्स कॅसल सुचवतात, तर कोणी हीव्हर कॅसल. लीड्स शहर तर लंडनपासून बरेच दूर आहे, मग एका दिवसात जाऊन येणे जमेल का? आपण कोणता किल्ला निवडाल?

उत्तर : आधी नावाचा घोळ सोडवू. लीड्स कॅसलचा यॉर्कशरमधील लीड्स शहराशी काहीही संबंध नाही. तो केंट परगण्यात मेडस्टोनजवळ, लीड्स याच नावाच्या एका खेड्यालगत आहे आणि त्या शहरापासून 300 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तिकीट काढताना एवढे ध्यानात ठेवावे. हीव्हरही केंटमध्येच असल्यामुळे दोन्ही ठिकाणी लंडनहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा मोह मात्र आवरावा.

लीड्सचा थाट राजेशाही आहे. लेन नदीच्या पाण्यावर साकारलेल्या तळ्यातील दोन बेटांवर तो उभा आहे. 1278 मध्ये तो पहिल्या एडवर्डच्या काळात राजघराण्याकडे आला, पुढे एकामागून एक राण्यांच्या ताब्यात राहिला आणि 1520 मध्ये फ्रान्सच्या राजाला भेटायला निघालेल्या इंग्लंडच्या राजाचा, आठव्या हेन्रीचा, मुक्कामही तेथे पडला होता. त्यामानाने हीव्हर फारच लहान आहे. ज्याला आपण गढी म्हणतो, म्हणजे भोवती खंदक, मग तट आणि आत एका घराण्याचा वाडा, तशीच त्याची रचना आहे. आपल्याला किल्ल्याइतकीच बागेचीही ओढ आहे आणि महिना जूनचा आहे, म्हणून मी नि:शंकपणे हीव्हर निवडीन.

लंडन ब्रिजहून ऑक्स्टेडमार्गे अकफील्डकडे जाणाऱ्या गाडीने हीव्हर स्थानकावर उतरावे. तेथून गढीपर्यंत सुमारे दीड किलोमीटर चालावे लागते आणि त्या छोट्या स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नसते. ज्यांना चालणे नको असेल त्यांनी अलीकडच्या एडनब्रिज टाउन स्थानकावर उतरून टॅक्सी करावी. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

प्रश्न : हीव्हर हे आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन हिचे माहेर म्हणून सांगितले जाते, परंतु माझा एक मित्र म्हणतो की तेथे दिसणारे बहुतेक सारे एका अमेरिकन धनिकाने विसाव्या शतकात उभारलेले आहे. मग तेथे जाऊन खरे असे काय पाहायचे?

उत्तर : आपल्या मित्राची माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दगडी प्रवेशद्वार आणि तट हा गढीचा सर्वांत जुना भाग सुमारे 1270 मधील आहे. लंडनचा महापौर झालेला कापडव्यापारी जेफ्री बोलीन याने 1462 मध्ये ती विकत घेतली आणि तटाच्या आत राहण्याजोगे घर बांधले. ॲन ही त्याची पणती. तिचे बालपण येथे गेले. 1513 मध्ये ती शिक्षणासाठी नेदरलँड्सचा कारभार पाहणारी ऑस्ट्रियाची मार्गारेट हिच्या दरबारी गेली, तेथून फ्रान्सला गेली आणि परतली ती फ्रेंच रीतिभाती अंगी मुरवूनच. आठव्या हेन्रीने तिला लिहिलेली 17 प्रेमपत्रे आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. 1528 मध्ये घामाच्या तापाची साथ पसरली आणि ॲन हीव्हरला आजारी पडली, तेव्हा राजाने आपला वैद्य विल्यम बट्स याला येथे धाडले होते. पोप पहिला विवाह रद्द करीना, म्हणून ॲनशी लग्न करण्यासाठी हेन्रीने इंग्लंडचे पोपशी असलेले नाते तोडले; त्या संबंधातील काळजीचे आणि वाट पाहण्याचे काही दिवस याच भिंतींनी पाहिले आहेत.

1536 मध्ये त्याच राजाच्या हुकमाने ॲनचा शिरच्छेद झाला. तिच्या आईवडिलांच्या मृत्यूनंतर गढी राजाकडे गेली आणि 1540 मध्ये त्याने ती आपली चौथी राणी, क्लीव्ह्जची ॲन हिला विवाह रद्द करताना झालेल्या तडजोडीत दिली. पुढे मालक बदलत गेले आणि वैभव ओसरले. 1903 मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर याने ती घेतली, तेव्हा तिला नव्याने सावरण्याची निकड होती. आत दिसणारे कोरीव लाकूडकाम बहुतांशी त्याच्या काळातील आहे, हे आपल्या मित्राचे म्हणणे खरे. परंतु ॲस्टरचा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याला पाहुण्यांसाठी पुष्कळ खोल्या हव्या होत्या आणि गढीलाच मजले व दालने जोडणे त्याला सहज परवडले असते. तसे न करता त्याने खंदकापलीकडे ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या काळातील, धाटणीच्या घरांची एक वाडीच बांधली. बाहेरून ती वेगवेगळी बैठी घरे वाटतात, आतून मात्र ती एकमेकांना जोडलेली आहेत. त्यामुळे मूळ वास्तूचा आटोपशीर आकार आजही तसाच डोळ्यांत भरतो.

एवढे करूनही ज्यांना ॲनच्या हातचे असे काही पाहायचे असेल, त्यांनी तिच्या दोन प्रार्थनापोथ्यांपुढे घाई करू नये. त्यांपैकी एक हस्तलिखित आहे आणि त्यात तिने फ्रेंचमध्ये ‘वेळ येईल’ अशा अर्थाचे शब्द लिहून खाली आपले नाव घातले आहे. दुसरी पोथी सुमारे 1527 मध्ये पॅरिसला छापलेली असून तीत, प्रार्थना कराल तेव्हा माझी आठवण ठेवा, अशी विनवणी दोन यमकबद्ध ओळींत केली आहे. या दुसऱ्या पोथीत पुसून टाकलेली काही नावे अलीकडे अतिनील प्रकाशात वाचता आली. ती केंटमधील कुटुंबांची निघाली. ॲनचे नाव घेणेही धोक्याचे झाले होते त्या काळात ही पोथी हातोहात जपली गेली, आणि जपणाऱ्यांत स्त्रिया होत्या. काचेपलीकडची ही तळहाताएवढी वस्तू पाहताना मला दरवेळी भरून येते. दालनांतील दिखाऊ पलंग आणि मेणाचे पुतळे भराभर पाहिले तरी चालतील, पण येथे थांबावे.

प्रश्न : बाग फार मोठी आहे असे ऐकतो. ती कोणत्या क्रमाने पाहावी, आणि जूनमध्ये तेथे काय फुललेले असते?

उत्तर : एप्रिलमध्ये ट्युलिप, मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन आणि जूनच्या मध्यापासून गुलाब असा साधारण क्रम असतो. तटबंद गुलाबबागेत 4,000 हून अधिक झाडे आहेत. भिंतींमुळे तेथे वारा लागत नाही आणि सुगंध आतल्या आत कोंडून राहतो, त्यामुळे ऊन जरा वर आल्यावर तेथे जावे. आपल्या मुक्कामाच्या तारखा सोयीप्रमाणे हलवता येत असतील तर महिन्याचा उत्तरार्ध निवडावा.

खरा वेळ द्यावा तो इटालियन बागेला. ॲस्टर 1882 ते 1885 या काळात इटलीत अमेरिकेचा राजदूत होता आणि तेथे त्याने प्राचीन मूर्ती, स्तंभ, शवपेटिका आणि रांजण मोठ्या प्रमाणावर जमवले होते. ते मांडण्यासाठी जागा हवी म्हणून ही बाग जन्माला आली. जोसेफ चील यांच्या पेढीने 1904 ते 1908 या चार वर्षांत हे काम केले. बागेच्या शेवटी दिसणारे 38 एकरांचे तळे निसर्गाने दिलेले नाही. ते खणण्यासाठी 800 माणसे दोन वर्षे राबत होती. पाण्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर ही गोष्ट आठवावी, कारण काठ आणि झाडी इतकी मुरलेली आहे की माणसाचा हात तेथे लागला असेल असे वाटतच नाही.

या बागेच्या एका बाजूला पाँपेई या प्राचीन रोमन शहराची आठवण करून देणारी, उन्हात न्हाणारी लांबलचक भिंत आहे. तिच्या कोनाड्यांतून मूर्ती मांडलेल्या आहेत आणि त्यांच्या आधाराने ऊबप्रिय झाडे वाढवलेली आहेत. समोरच्या बाजूला वेलींचा लांब मांडव आहे. त्याच्या सावलीत दगडांतून पाणी ठिबकत असते आणि नेचे व शेवाळ माजलेले असते. इटलीतील तिवोली येथील एस्ते वाड्यातील कारंज्यांच्या रांगेवरून ही कल्पना घेतली आहे. म्हणून माझा आग्रह असा की जाताना उन्हाच्या भिंतीकडून जावे, तळ्याकाठच्या कमानींच्या सज्जात बसावे आणि परत येताना मांडवाखालून यावे. एकाच बागेत काही पावलांच्या अंतरावर दोन निराळी हवामाने अंगाला जाणवतात, आणि आखणी करणाऱ्यांनी सूर्याची दिशा किती बारकाईने हेरली होती हे तेव्हाच कळते. तळ्याला पूर्ण फेरी घालायची असेल तर आणखी तासभर हाताशी हवा.

प्रश्न : सोबत गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आणि सात वर्षांचा नातू आहे. त्यांना झेपेल का?

उत्तर : सासूबाईंना गढीचा तळमजला पाहता येईल. वरच्या मजल्यांवर जाण्यासाठी अरुंद, वळणदार दगडी जिना चढावा लागतो आणि तो त्यांनी टाळलेला बरा. केवळ बागेचे तिकीटही मिळते आणि त्यांच्यासाठी ते पुरेसे ठरेल. नातवासाठी यू वृक्षांच्या कुंपणाचा भूलभुलैया आहे, तोही ॲस्टरच्या काळातीलच. तेथे एका मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर राहावे. यूची पाने आणि बिया विषारी असतात, तेव्हा लाल फळे तोडून तोंडात घालण्याचा खेळ होऊ देऊ नये. पाण्याच्या फवाऱ्यांचा दुसरा भूलभुलैयाही उन्हाळ्यात सुरू असतो, म्हणून कपड्यांचा एक जादा जोड जवळ ठेवावा.

प्रश्न : ॲनची कबर हीव्हरलाच आहे का?

उत्तर : नाही. तिला लंडनच्या टॉवरमधील सेंट पीटर ॲड व्हिंक्युला या प्रार्थनामंदिरात पुरले आहे. तिचे वडील टॉमस बोलीन मात्र 1539 मध्ये वारले आणि गढीच्या प्रवेशद्वाराजवळच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्यांची कबर आहे. तिच्यावरील पितळी पत्र्यावर त्यांची पूर्णाकृती कोरलेली असून अंगावर गार्टर या इंग्लंडच्या मानाच्या सरदारमंडळाचा पोशाख आहे. मुलीच्या आणि मुलाच्या शिरच्छेदानंतर हा मनुष्य तीन वर्षे जगला, हे त्या पत्र्यावर कोठेही लिहिलेले नाही. स्थानकाकडे परतताना चर्च उघडे असेल तर दहा मिनिटे आत जाऊन यावे.