जुनी गाडी मधूनच गरम होते, मधूनच ठीक चालते. दोष कुठे शोधावा?

आधी तापमानाचा काटा नेमका केव्हा चढतो ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि वेग घेतला की उतरतो? मग फॅनवर संशय घ्या. इंजिन तापवून फॅन फिरतो का बघा. फिरत नसेल तर क्रमाने तपासा: फ्यूज, रिले (फॅनला वीज देणारा स्विच), फॅन स्विच (तापमान वाढल्यावर फॅन चालू करणारा) आणि मग मोटर. एसी लावल्यावर फॅन फिरला तर मोटर बहुधा ठीक आहे. उलट, हायवेवर किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप कमजोर किंवा रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) आत दबत असेल.

काहीच नियम सापडत नसेल तर अडकणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाला, वाट देणारी झडप). स्वस्त भाग आहे, सरळ बदला. रेडिएटर कॅपही बदला. तिचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. (इंजिन गरम असताना कॅप उघडू नका, भाजेल.)

गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतायत? हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासून घ्या, तोवर गाडी चालवू नका.

काटा क्षणात वर-खाली उडत असेल तर मात्र सेन्सरची वायर किंवा अर्थिंग बघा. इंजिन इतक्या झटपट तापत-निवत नाही.