ओव्हरटाइम धरून घर घेऊ नकोस

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेत ओव्हरटाइमने पगार २२ हजारांवरून ३१ वर गेला, म्हणून वडगावच्या दोन खोल्या सोडून स्वतःचं घर करायची घाई तुझ्या पत्रात दिसते. आधी गेल्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढ आणि सगळ्यात कमी पैसे कोणत्या महिन्यात हातात पडले ते बघ. फाउंड्रीत ऑर्डर घटली की पहिला ओव्हरटाइम जातो, हप्ता मात्र जात नाही. हप्ता त्या कमी रकमेच्या एक तृतीयांशात बसवायचा. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं धर, लाखाला महिना ९०० रुपये पडतात. म्हणजे २२ हजारांवर आठ लाखांचं कर्ज पेलेल. वीस लाख काढलेस तर हप्ता १८ हजार, आणि फिटेपर्यंत ४३ लाख जातात. स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी वेगळी; ती खिशातूनच भरावी लागते.

गावाकडचा स्वस्त गुंठा (१,०८९ चौरस फूट, टेप लावून मोज) कुणी दाखवला तर पंचायतीचा ई-स्वत्तू उतारा (कर्नाटकातला मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) माग. फॉर्म ९ आणि ११-ए, म्हणजे मंजूर जागेचे कागद, असतील तर पुढे बोल. मंजुरी नसलेल्या जागेला ११-बी मिळतो, त्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, मग सोनं मोडतं, सावकार येतो, आणि पगार घटला की जागा त्याच्या घशात. उतारा कन्नडमध्ये असतो. कन्नड येणाऱ्याकडून सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा शब्दशः वाचून घे. दलालाच्या 'सगळं क्लियर आहे'वर जाऊ नकोस.

भाड्यानेच लांब जायचं झालं तरी हिशेब कर. शहराबाहेर सांबऱ्याकडे भाडं अडीच हजारांनी कमी मिळालं समज. रोज २४ किलोमीटर, २६ दिवस, ५० चं ॲव्हरेज: साडेबारा लिटर पेट्रोल. निम्मी बचत तिथंच गेली. घरातल्या बायकांना मात्र कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साधी सरकारी बस फुकट आहे, त्यांचं भाडं धरू नकोस. मुलांसाठी मराठी शाळा पायी किती लांब, ते घरमालकाला नको, शेजाऱ्यांना विचार.

गृहज्योतीचं (सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं) आधार जुन्या मीटरच्या आर. आर. नंबरवरून, म्हणजे वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावरून, काढून नव्याला जोड, नाहीतर पूर्ण बिल येईल. आणि घर जुलैत बघ. उन्हाळ्यात रंग ताजा असतो. पावसात पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावला की ओल कळते.

कळावे.