मध्ययुगीन इटलीतील कोणत्या चांदीच्या नाण्यावर कवीचे नाव आढळते?

असे नाणे मांटुआ शहराचे आहे. तेराव्या शतकात तेथे पाडलेल्या ‘ग्रोसो’ या चांदीच्या नाण्यावर, ते बिशपच्या अधिकाराने निघालेले असूनही, व्हर्जिल या ख्रिस्तपूर्व रोमन कवीचे नाव कोरलेले आहे. एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या नाण्याला ख्रिस्तपूर्व कवीचे नाव चालावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

व्हर्जिलचा जन्म इ. स. पू. ७० मध्ये मांटुआजवळच्या एका खेड्यात झाला. त्याच्या समाधिलेखाची सुरुवातच ‘मांटुआने मला जन्म दिला’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते.

इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात व्हर्जिल हा परलोकाच्या प्रवासातला दान्तेचा वाटाड्या आहे; तिथे व्हर्जिल आणि मांटुआचे हे नाते अधिक गहिरे होते. ‘इन्फर्नो’ (नरक) या भागाच्या विसाव्या सर्गात व्हर्जिल आपल्या शहराच्या नावाचा उगम मांतो या भविष्यवेत्तीशी जोडतो; तर ‘पुर्गातोरिओ’ (शुद्धिलोक) या भागाच्या सहाव्या सर्गात तेराव्या शतकातील कवी सोर्देल्लो, समोर कोण उभा आहे हे ठाऊक नसतानाही, केवळ ‘मांटुआ’ हा शब्द कानी पडताच उठून आपल्या गाववाल्या व्हर्जिलला आलिंगन देतो.

शेक्सपिअरचा रोमिओ व्हेरोनातून हद्दपार झाल्यावर याच शहरात राहतो.