रेल्वेकडून खेळला म्हणून माणूस छोटा होतो का?

तुम्ही विचारलंय की फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी खेळाडू म्हणून कोलकात्याच्या दोन बड्या क्लबांपैकी ना मोहन बागानकडे गेले ना ईस्ट बंगालकडे, ईस्टर्न रेल्वेतच राहिले, मग त्यांना एवढा मान कशाला? आणि प्रशिक्षक म्हणून ते फक्त भाषणं ठोकायचे का, ते प्रसिद्ध 'व्होकल टॉनिक'? पहिला प्रश्न मला झोंबला. मी स्वतः रेल्वेकडून खेळलोय.

१९५८ ची कलकत्ता लीग कुणी जिंकली ते बघा. ईस्टर्न रेल्वेने. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन हे तिघे सोडून ती लीग पुन्हा दुसऱ्या कुणी जिंकायला २०१९ उजाडलं, पीअरलेसने. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकात आपण चौथे आलो, त्या संघात पीके. १९६० ला रोमला कर्णधार पीके, फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीत आपला गोलही त्यांचाच. १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये गटात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवलं होतं. अंतिम सामन्यात तेच समोर, अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात, आणि आपण २-१ ने सुवर्ण घेतलं. पहिला गोल पीकेंचा, दुसरा जर्नेलसिंगचा. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला तेव्हा फुटबॉलमधून पहिलं नाव त्यांचंच. हे सगळं रेल्वेचा माणूस असताना. यावर आणखी कुठल्या क्लबचा शिक्का हवाय?

माझं गाव कोल्हापूर. तिथं फुटबॉल पेठांचा, तालमींचा. आमच्या तालमीच्या संघाचं सगळं माझे थोरले मामा बघायचे. मला रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तेव्हा आईने पेढे वाटले आणि मामा दारात उभं राहून म्हणाले, "आता तू पगारासाठी खेळणार, रंगासाठी न्हाई." पुढे मी सुट्टीला गावी गेलो की शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर चारचौघांत हाच टोमणा. मामांचं हाफटाइमचं भाषण म्हणजे आईबहिणीवरून शिव्या आणि पेठेची अब्रू. मी डाव्या पायाचा, मला ते कायम उजव्या बाजूला खेळवायचे. रेल्वेच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच सरावात मला डावीकडे धाडलं.

१९९७ च्या जुलैत खात्याच्या ट्रेनिंगसाठी मी कोलकात्यात होतो. फेडरेशन कप या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य लढत १३ जुलैला सॉल्ट लेक स्टेडियमवर, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. ईस्टर्न रेल्वेतले एक वयस्कर दादा मला घेऊन गेले. पक्के ईस्ट बंगालवाले. एक लाख एकतीस हजारांवर माणूस होतं त्या दिवशी. सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून, गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, झालमुडीचा ठोंगा हातातल्या हातात चेपला गेला. बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता, तेही जुने खेळाडू आणि फार अभ्यासू माणूस. खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायच्या त्यांच्या 'डायमंड' रचनेची शहरभर चर्चा, आधीच्या फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला बागानने सहा गोल चढवलेले. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हणून हिणवलं होतं, ते पेपरात छापून आलेलं. ईस्ट बंगालच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून पीके.

दादांनी आधीच मला सांगितलं होतं, "बॉल बघू नकोस, बागानची मागची जागा बघ." खरंच तसं झालं. डायमंडमध्ये माणसं पुढे चढायची, आणि चेंडू सुटला की मागे मोकळं रान. ईस्ट बंगालच्या नझिमुलने पहिला गोल केला. मग भायचुंग. बागानच्या चिमाने एक फेडला तेव्हा आमच्या बाजूची पायरी पार चिडीचूप झाली. २-१ म्हणजे कुणीही पाय ओढून बसलं असतं. ईस्ट बंगाल बसलं नाही. भायचुंग धावतच राहिला, आणखी दोन, हॅटट्रिक, ४-१. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून लोकांनी मशाली पेटवल्या, दादा माझ्या गळ्यात पडून रडत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती इलिश माशाच्या भावाची, ईस्ट बंगाल जिंकलं की घरी इलिश हवाच.

आता सांगा, हे नुसत्या भाषणाचं काम आहे? ड्रेसिंग रूममध्ये पीके काय बोलले ते गॅलरीत बसून मला कसं ऐकू येणार, पण मैदानावर जे दिसलं ते नियोजन होतं. कुठली जागा मोकळी पडणार हे ओळखून तिथे कोण धावणार ते ठरलेलं होतं. आणि जो पोरगा हिणवला गेलाय त्याचा राग नेमका कुठे वळवायचा हे त्यांना कळत होतं. तेच त्यांचं टॉनिक, आणि ते प्रत्येक खेळाडूला वेगळं असायचं. १९७३ ला सुभाष भौमिक संपला असं लोक म्हणत होते, त्याला पीकेंनी ईस्ट बंगालमध्ये पुन्हा उभा केला. १९७५ च्या आयएफए शिल्ड या कोलकात्याच्या जुन्या स्पर्धेच्या फायनलला ईस्ट बंगालने बागानला ५-० लोळवलं, प्रशिक्षक पीके. पुढच्याच वर्षी त्याच बागानने त्यांना बोलावून घेतलं. दुसऱ्याच वर्षी, १९७७ ला, ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉस या अमेरिकन क्लबशी २-२ बरोबरी, आणि त्याच हंगामात शिल्ड, ड्युरँड आणि आपल्या कूपरेजवरचा रोव्हर्स कप असे तिन्ही कप बागानच्या घरात. नुसत्या बडबडीला दोन्ही शत्रू क्लब असे आलटून पालटून पैसे देत नाहीत.

त्यांना हे रहीमसाहेबांकडून मिळालं असं माझं मत आहे. मेलबर्न, रोम, जकार्ता, तिन्हीकडे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीमच होते. जकार्ताला तर त्यांना कॅन्सर होता, पुढच्या वर्षी ते गेले. अशा माणसाच्या हाताखाली खेळलेला खेळाडू शिव्या देऊन संघ चालवणार नाही.

तुम्ही पोराला क्लबात घालावं की नोकरीवाल्या संघात, या विचाराने विचारत असाल तर सरळ सांगतो: नोकरी घ्या. पीकेंच्या काळात क्लबचा फुटबॉल कागदोपत्री हौशी होता, घर चालायचं ते पगारावर. महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात म्हणून कुणाची खेळावरची माया कमी होत नाही. मामांना मी हे तोंडावर सांगितलंय, त्यांनी मानलं नाही, त्यांची मर्जी. आता आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आहे, व्यावसायिक करार आहेत, कोट्याच्या जागा घटल्यात, तेव्हा तुमच्या गावचं गणित तुम्ही तपासून घ्या.

आणि टॉनिकने दर वेळी कप मिळतो असंही नाही. त्याच १९९७ च्या फायनलला ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकरकडून २-१ ने हरलं, तेही पीके बाकावर असताना. पण प्रशिक्षक व्हायचं असेल तर आधी आपल्या अकरा पोरांत डावखुरा कोण, कुणाचा गुडघा दुखतो आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते माहीत करून घ्या, हाफटाइमला काय बोलायचं ते त्यानंतर ठरवा.