मान घासू नका, रक्त तपासा

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. सासूबाई म्हणतात, ‘खात्यापित्या घरची पोर, उंची वाढली की उतरेल.’ डॉक्टर दर वेळी ‘वजन कमी करा’ एवढंच सांगतात. तिनं हल्ली रात्रीचं जेवण सोडलंय, शाळेचा डबा तसाच परत येतो, काही बोललं की दार लावून घेते. मान काळी पडलीय, बेसन-लिंबू लावूनही निघत नाही. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी ते बेसन-लिंबू बंद करा. मानेमागचा, काखेतला जाडसर, मखमली काळेपणा म्हणजे मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्वचा अशी होते. घासून कातडी सोलवटेल, आणि ‘मी घाणेरडी’ हे पोरीच्या मनात बसेल ते वेगळंच.

सासूबाईंचा हिशेब इथे चुकतो. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची साधारण ५-७ सेंटिमीटरच वाढते. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २९ आहे. भारतीय मुलांच्या तक्त्यात हा लठ्ठपणाच. पण पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती सोडलेल्या जेवणाची. संध्याकाळपासून उपाशी राहिलं की रात्री अकराला बिस्किटांचा पुडा फस्त होतो, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशीचा डबा परत. जेवल्यावर ती मुद्दाम उलट्या काढत असेल, तर वजनाचं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

बालरोगतज्ज्ञांकडून उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्या. बीपी दंडाला बसेल अशा मोठ्या पट्ट्यानं मोजायला सांगा. तोकड्या पट्ट्यानं आकडा उगाच जास्त येतो. उंची नीट वाढत असेल तर थायरॉइड हे कारण क्वचितच निघतं. पाळी येऊन वर्ष झाल्यावरही दोन पाळ्यांत ४५ दिवसांहून जास्त अंतर पडतंय का, झोपेत घोरते का, हे आवर्जून सांगा.

घरात तिच्यासाठी वेगळं ताट नको, सगळ्यांचंच बदला. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांना दोन. सरबत, कोल्ड्रिंक घरात आणूच नका. खरी गडबड होते ती शाळा सुटल्यावर. क्लासला उपाशी गेली की वडापाव ठरलेला. म्हणून चार वाजता वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन मुगाची धिरडी तयार ठेवा. फोन रात्री दहाला हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. झोप आठ तास तरी हवी. रोज तासभर हालचाल हवी, पण कुठली ते तिला ठरवू दे. पोरी नाचायला पटकन तयार होतात, ट्रेडमिलला नाही.

वजनकाटा माळ्यावर टाका. वजन महिन्यातून एकदा दवाखान्यातच होऊ दे. सहा महिने काटा नुसता थांबला तरी वाईट नाही. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना तिच्याशी दहा मिनिटं एकटीशी बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.